पाच तारी बेस, पाच फूट उंची आणि दुखणारं मनगट

पार्श्वभूमी

मॅडम पुण्यात शाळेत शिकवतात, वय चाळिशीच्या आसपास, उंची जेमतेम पाच फूट. नाव देत नाही. लिहायला परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली, शाळेतल्या कुणाला कळता कामा नये. एका हौशी वाद्यवृंदात त्या बेस गिटार (जाड तारांची, खालचे सूर देणारी) वाजवतात, भावगीतं, जुनी हिंदी गाणी, शेवटी दोन तीन लावण्या, आणि गणपती नवरात्र धरून वर्षाला सात आठ प्रोग्रॅम. आधी गिटार वाजवायच्या, ग्रुपमधला बेसवाला बंगळुरूला गेला आणि "तुम्हाला गिटार येतेच की" म्हणून बेस यांच्या गळ्यात पडला. अक्षरशः गळ्यात.

बेस घ्यायला गेल्या तेव्हा दुकानदार आणि ग्रुपचा कीबोर्डवाला दोघांचं एकमत, पाच तारी घ्या, पुढे उपयोगी पडेल. हे "पुढे उपयोगी पडेल" मी फार वर्षं ऐकतोय. वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घ्यावा तसं लोक पाच तारी बेस घेतात, फक्त चाळिशीत माणूस आडवा वाढतो, हात काही लांब होत नाहीत.

मी स्वतः बरीच वर्षं बेस वाजवतोय आणि ओळखीच्या लोकांच्या बेसचे सेटअप, म्हणजे मान, तारा वगैरेची जुळवणी, घरी करून देतो, दुकान वगैरे नाही. मॅडम ओळखीतूनच आल्या.

प्रॉब्लेम काय होता

दोन वर्षं वाजवल्यावर डाव्या हाताचं मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं, पाऊण तास झाला की सुरू. फिजिओथेरपिस्टनी काही आठवडे आराम सांगितला आणि वाजवताना हात कसा असतो ते दाखवा म्हणाले. दाखवल्यावर म्हणाले मनगट फारच मुडपलेलं राहतंय, त्याचं काहीतरी बघा. आराम केला की बरं वाटायचं, परत वाजवलं की परत तेच.

माझ्याकडे आल्या तेव्हा निष्कर्ष काढूनच आल्या होत्या. "दादा, माझे हात लहान आहेत. शॉर्ट स्केल बेस कुठला घेऊ तेवढं सांगा."

शॉर्ट स्केल म्हणजे आखूड तारांचा बेस. म्हणलं घ्यायचं नंतर बघू, आधी आहे तो घेऊन या, आणि प्रोग्रॅमला जो पट्टा लावता तोच लावून आणा.

दुसरी तक्रार त्यांनी जाता जाता सांगितली, जणू ती तक्रार नव्हेच, की बेस घरी मस्त वाजतो आणि स्टेजवर कुणाला ऐकूच येत नाही.

काय बघितलं, काय मोजलं

खुर्चीत बसून वाजवलं तेव्हा फार काही वेगळं दिसलं नाही. मग उभं राहायला सांगितलं आणि म्हणलं डावा हात सोडा. सोडला, आणि बेसचं डोकं रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखं सरळ खाली आलं. म्हणजे सुरांच्या आधी तो डावा हात बेसची मान उचलून धरायचं काम करत होता, अडीच तास, आणि त्यात उरलेल्या ताकदीवर नोट्स दाबत होता. सामान मोजायच्या लटकत्या काट्याला लावला तर वजन ४.६ किलो. पट्टा नायलॉनचा, अरुंद. प्रोग्रॅमला मॅडम काठपदराची साडी नेसतात, रेशमावर नायलॉन थांबतोय कशाला, तो घसरतच राहणार.

मग मोजमाप. मी फिलर गेज वापरतो, बोहरी आळीत मिळतं तेच, गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात ते पात्यांचं. पहिल्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, शेवटचा फ्रेट दाबून धरायचा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात कितवं पातं जातं ते बघायचं. ही मानेची बाक. साधारण ०.३ ते ०.४ मिमी असली की माझं समाधान होतं, इथे ०.८ चं पातं आरामात गेलं. बाराव्या फ्रेटला जाड ई तारेची उंची ३.८ मिमी.

पण खरी गंमत नटवर होती, म्हणजे मानेच्या टोकाला ज्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात तिथे. तिसऱ्या फ्रेटच्या जरा अलीकडे तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट उरायला पाहिजे, इथे व्हिजिटिंग कार्ड दुमडून जाईल एवढी होती, पाचही तारांना. फॅक्टरीतून तसाच आलेला, दुकानात कुणी हात लावला नाही, मॅडमना वाटलं बेस असाच कडक असतो. गिटारवरून आलेल्या माणसाला सगळाच बेस कडक वाटतो त्यामुळे तुलना कशाशी करणार?

नट उंच असला की सगळ्यात जास्त मार पहिल्या तीन फ्रेटला बसतो, आणि वाद्यवृंदाचा बेसवाला अर्धा वेळ तिथेच राहतो. एफ, जी, बी फ्लॅट. बरं तार उंचावरून दाबली की ताणली जाऊन सूरही चढतो, म्हणजे ताकद लावून वर बेसूर.

कुठले पर्याय होते

शॉर्ट स्केलचं आधी बोलू कारण सगळे तेच सुचवत होते. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरनी १९५१ मध्ये प्रिसिजन नावाचा बेस काढला तेव्हा तारेची लांबी ३४ इंच धरली आणि आजही बहुतेक बेस तेवढेच असतात. शॉर्ट स्केल म्हणजे साधारण ३० इंच. आकडे काढले तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३४ इंची बेसवर जवळपास १३० मिमी येतं आणि ३० इंचीवर ११४. दीड सेंटिमीटरचा फरक, लहान पंजाला हा खूप आहे, नाकारत नाही. पण त्याच ३४ इंची बेसवर पाचव्या ते आठव्या फ्रेटचं अंतर १०३ मिमीच आहे. म्हणजे जिथे जमेल तिथे तीच नोट जाड तारेवर वर जाऊन घेतली तर हात आपोआप जवळ येतो.

आणि खाली एका बोटाला एक फ्रेट हा हट्ट धरायचाच कशाला? उभा डबल बेस वाजवणारे पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावर तीन फ्रेट झाकतात, अनामिका करंगळीला नुसता आधार देते. पहिला ते तिसरा फ्रेट हे अंतर ८९ मिमी. मॅडम गिटारच्या सवयीने चारही बोटं ताणून ठेवायच्या आणि मनगट तिथेच मुडपायचं.

बाकीचे पर्याय पटकन: हाच विकून हलका चार तारी घ्यायचा, किंवा आहे त्याचाच सेटअप करून बघायचा, किंवा बेस सोडून परत गिटार. शेवटचा त्यांनीच सुचवला होता, बऱ्यापैकी रडवेल्या होऊन.

पहिला निर्णय

मी सेटअप आधी म्हणलं. बिघडलेल्या सेटअपच्या बेसवर आपल्याला काय सोसत नाही ते कळतच नाही. सेटअपने मानेची बाक बदलते, तारांची उंची बदलते, नट, तारा, पिकअप (तारेचा आवाज उचलणारी चुंबकं) सगळं बदलतं. वजन बदलत नाही, तोल बदलत नाही, मानेची रुंदी बदलत नाही. तर जे बदलतं ते आधी बदलून घ्यायचं, त्यानंतरही जे दुखेल ते त्या बेसचं, आणि नवीन बेस निवडायचा तो त्या उरलेल्या दुखण्यावरून. नाहीतर शॉर्ट स्केल आणायचा, त्याचाही नट उंच निघायचा आणि पुन्हा आपलेच हात वाईट म्हणायचं.

मॅडमना पटलं की नाही माहीत नाही, पण खर्च तारांचा एक सेट आणि एक पट्टा एवढाच होता त्यामुळे हो म्हणाल्या.

काय केलं

क्रम महत्त्वाचा आहे. लोक थेट ब्रिजवरचे सॅडल (तारांच्या दुसऱ्या टोकाखालचे ठोकळे) खाली करतात आणि मग ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक बदलणारी सळई) फिरवतात, मग उंची परत बदलते आणि सगळं पहिल्यापासून. आधी नवीन तारा लावून सुरात आणल्या, मग ट्रस रॉड पाव फेरा घट्ट, परत सुरात, रात्रभर ठेवला, सकाळी मोजलं, अजून थोडं कमी पाव फेरा. बाक ०.३५ वर आली. अ‍ॅलन की नीट बसत नसेल तर जोर लावू नका, रॉडचं डोकं गोल झालं की रडायची पाळी येते.

नंतर नट. यात मी घोळ केला. चार तारांच्या खाचा नीट झाल्या, सगळ्यात बारीक जी तारेच्या वेळी फाइल दोनदा जास्त मारली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागली. मग नेहमीचा जुगाड, खाचेत खायचा सोडा, वर फेविक्विकचा थेंब, दगडासारखं घट्ट होतं, आणि परत हळूहळू फाइल. मॅडम समोरच बसल्या होत्या, सोड्याचा डबा बघून त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो सोडा अजून टिकलाय, पण नवीन नट बसवायला हवा होता हे कबूल करतो.

मग तारांची उंची, बाराव्या फ्रेटला ई तार २.२ मिमी, जी तार १.८. घरी लोण्यासारखा वाजत होता. मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर वर गेल्यावरही सूर बरोबर येतो ना ते, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार नुसती हलके शिवून येणारा सूर) आणि तिथेच दाबलेली नोट जुळवायची, दाबलेली चढत असेल तर सॅडल मागे. पाचव्या, सगळ्यात जाड बी तारेचा सॅडल पार मागच्या टोकाला गेला, अजून एक मिमी लागला असता तर जागाच नव्हती. ट्यूनर बी तारेवर वेड्यासारखा उड्या मारतो, मोकळी बी म्हणजे जेमतेम ३१ हर्ट्झ, त्यापेक्षा हार्मोनिकवर जुळवलेलं बरं.

पिकअप जाड तारांच्या बाजूला फारच वर होते, चुंबक तारेला ओढतं आणि नोट लांबली की डगडगते, म्हणून खाली केले. नायलॉनचा पट्टा काढून चामड्याचा घेतला, तीन इंच रुंद, आतून सुएड, रेशमावरसुद्धा पकडून राहतो. डोकं अजूनही खाली जायचं, पण फाटकासारखं नाही, सावकाश.

आणि आवाजाचं. मॅडमच्या बेसला प्रीअँप, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं सर्किट, आहे, बॅटरीवाला. बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब फुल, मिडचा (मधल्या सुरांचा) शून्य. घरी एकट्याने वाजवताना हे फार गोड लागतं. पण स्टेजवर ढोलकीचा घुमारा, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात हे तिघं त्याच तळघरात राहतात, तिथे चौथा भाडेकरू कुणाला दिसणार? बेसचा नॉब मधे आणला, मिड वाढवला, ४०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात बेसचं बोट ऐकू येतं. एकट्याने ऐकलं तर नाकात बोलल्यासारखा आवाज, मॅडमना अजिबात आवडला नाही. शिवाय कीबोर्डवाल्याला डावा हात खिशात ठेवायला सांगा म्हणलं. ते काम सेटअपपेक्षा अवघड निघालं.

दुसरा निर्णय, आणि माझी चूक

पंधरा दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोग्रॅम होता, मी गेलो. बेस ऐकू येत होता, पण ई तार प्रत्येक जोरकस नोटला फ्रेटवर आपटत होती, लावणीत तर पत्र्याचा डबा.

झालं असं की मी उंची ठरवली ती माझ्या घरी, माझ्या हाताने, हळू आवाजात. मॅडमचा उजवा हात स्टेजवर घरच्या दुप्पट जोर लावतो, कारण त्यांना स्वतःचंच ऐकू येत नाही. अँप जमिनीवर, तोंड गुडघ्यांकडे, कान वर. मग अजून जोर, मग अजून खडखड.

इथे दोन वाटा होत्या, हात हलका करायला सांगायचं किंवा तारा वर घ्यायच्या. दोन्ही थोडं थोडं केलं. अँप खुर्चीवर ठेवून मागे कलता केला की आवाज कानाकडे येईल, आणि ई तार २.६ वर, जी २.१ वर नेली. खडखड जवळजवळ गेली. तार उंच असणं हा दोष नाहीच मुळी, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन उंच, जाड, वर्षानुवर्षं न बदललेल्या फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारांवर वाजवायचा आणि अख्ख्या जगाने त्याचं बेस वाजवणं अभ्यासलं. उंची ही हाताची आणि संगीताची गोष्ट आहे, पुस्तकातला आकडा फक्त सुरुवात करायला.

मग श्रावणात अजून एक भानगड, हवेत दमटपणा, बेस भिंतीला टेकवून ठेवलेला, बाहेरची भिंत. मान हलली, बाक ०.६ झाली. कुणाची मान कुठल्या बाजूला हलेल ते त्या त्या लाकडावर, पण पुण्यात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा मोजावंच लागतं. या वेळी पाव फेरा मॅडमनी स्वतः मारला, मी फक्त व्हिडिओ कॉलवर.

तिसरा निर्णय

तीन महिन्यांनी हिशोब केला. मनगटाचं दुखणं बरंचसं गेलं होतं. आता दुखायचं ते खांद्याला, आणि पाऊण तासाने नाही तर दोन तासांनी. म्हणजे मनगट सेटअपचं आणि बोटं ताणायच्या सवयीचं होतं, खांदा त्या ४.६ किलोचा आणि पडणाऱ्या डोक्याचा. आता नवीन बेस बघण्यात अर्थ होता, काय शोधायचं ते माहीत होतं: हलका, तोल धरणारा, मान अरुंद.

पाचवी तार खरंच लागते का हे बघायला मॅडमनी ग्रुपची यादी काढली, बावीस गाणी. ई च्या खालची नोट लागणारी निघाली दोन. एकात डी हवा, तिथे ई तार गाण्यापुरती उतरवता येते. दुसऱ्यात सी, तो वरच्या सप्तकात घेतला तर गायकालासुद्धा कळलं नाही. दोन वर्षं पाचवी तार उचलून फिरवली ती या दोन नोटांसाठी.

दुकानात जाताना मॅडम स्वतःचा पट्टा घेऊन गेल्या, आणि सिल्कची ओढणी. सेल्समन हसला असेल, हसू दे. प्रत्येक बेस गळ्यात घालून आधी हात सोडून बघायचा, मग दहा मिनिटं उभं राहून पहिल्या तीन फ्रेटवरच वाजवायचं, बसून नाही. मानेच्या कडेवरून हात फिरवून फ्रेटची टोकं टोचतात का बघायचं. ट्रस रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला नाही ना, सॅडलना वर खाली मागे पुढे जागा शिल्लक आहे ना. रंग सगळ्यात शेवटी, हे मी म्हणतोय पण मॅडमनी निळा बघितला तेव्हाच मला कळलं होतं.

शॉर्ट स्केल पण वाजवला. डावा हात लगेच खूश. पण ई तार मला भोंगळ वाटली, आणि शॉर्ट स्केलच्या तारा आपल्याकडे हव्या त्या वेळी हव्या त्या मिळत नाहीत, म्हणून मी नाही म्हणलं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनी व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर शॉर्ट स्केल वाजवूनच नाव काढलं, त्यामुळे आवाज येत नाही हे कारण चालणार नाही, दुकानातल्या बेसवर जुन्या मेलेल्या तारा असतील हेही शक्य आहे.

शेवटी घेतला चार तारी, ३४ इंची, नटपाशी ३८ मिमी म्हणजे फेंडरच्याच जॅझ बेसची असते तशी अरुंद मान, वजन ३.७ किलो, पिकअप प्रिसिजनचा आणि मागे एक जॅझचा. स्टेजवर फक्त प्रिसिजनचा चालू ठेवायचा हे ठरवून, कारण मांडवात हॅलोजन, डिमर आणि अर्थिंगचा आनंदीआनंद, एकट्या सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला, जॅझचा तसाच) तिथे सतत हम्म ऐकू येतं. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून तो हम्म घालवणाराच आहे. सेटअप लगेच केला, नट याचाही उंच होता.

निकाल

गेल्या गणपतीत पाच प्रोग्रॅम झाले, सगळ्यात लांब पावणेतीन तासांचा. मनगट ठीक. खांदा शेवटच्या अर्ध्या तासात भरून येतो, दोन गाण्यांमधे निवेदक बोलतो तेव्हा मॅडम बेस स्टँडवर ठेवतात, आणि आमचा निवेदक भरपूर बोलतो. आवाजाबद्दल ढोलकीवाला म्हणाला की आता सम कुठे येते ते कळतं. मॅडमना स्वतःला तो नाकातला आवाज अजून आवडत नाही, घरी सराव करताना मिड कमी करतात, करू देत.

वेगळं काय करता आलं असतं

नट कापायच्या आणि उंची ठरवायच्या आधी मी त्यांना एकदा ग्रुपबरोबर वाजवताना बघायला हवं होतं, ते मी नंतर केलं आणि एक प्रोग्रॅम खडखडीत गेला. बोटांची पद्धत पहिल्याच दिवशी बदलायला हवी होती, मी हत्यारात रमलो आणि ते महिनाभर राहून गेलं, खरं तर मनगटाचं श्रेय सेटअपला किती आणि बोटांना किती हे आता वेगळं काढता येत नाही. आणि शॉर्ट स्केलला नवीन तारा लावून परत वाजवायला हवा होता. तो नको हे मॅडमचं मत होतं की माझं, यावर मी आजही शंभर टक्के सांगू शकत नाही.

जुना पाच तारी एका कॉलेजच्या मुलाने घेतला, त्याच्या बँडला खालची बी लागतेच लागते, सहा फूट उंच मुलगा, ४.६ किलो त्याला काहीच नाही. सोड्याचा नट त्याला दाखवून, सांगून दिला. सोफ्यावर बसून दोन मिनिटं वाजवलं आणि विचारतो, "काका, अ‍ॅक्शन (तारांची उंची) अजून खाली होईल ना?" त्याला म्हणलं आधी उभा राहा, आणि तुमच्या ड्रमरला पण बोलाव.